नावाच्या जागी रेघ

एका माणसाचं नाव मी या लेखात लिहिणार नाही. लेख त्याच्याबद्दल नाही, मठपती गुरुजींबद्दल आहे. पण तो आल्याशिवाय गुरुजी पुरे होत नाहीत. म्हणून जिथे त्याचं नाव यायला हवं तिथे मी रेघ ओढणार आहे. ही रेघ मला गुरुजींनीच शिकवली. त्याच्या गावाचं नाव आणि ज्या तालुक्याच्या गावी मी कारकून होतो त्याचंही नाव सांगत नाही. ओळखणारे ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

जिल्हा नवा झाल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. नव्या जिल्ह्याला माणसं कमी पडत होती म्हणून आम्हा काही कारकुनांना नांदेडकडून इकडे ढकललं. मी मुखेडचा. तहसील कचेरीत मला आवक-जावकचं टेबल मिळालं. आलेल्या कागदावर शिक्का मारून नंबर घालायचा, जाणाऱ्या कागदावर शिक्का मारून नंबर घालायचा. डोकं चालवण्याचं काम त्यात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच वाटायचं. पाऊस त्या वर्षीही फिरकला नव्हता. चौकात टँकरची वाट बघत बसलेले लोक म्हणायचे, जिल्हा नवा आला पण पाणी जुन्याच जिल्ह्यात राहिलं.

अप्पांच्या किराणा दुकानामागे दोन खोल्या होत्या. एकीत मी राहायचो, दुसरीत मठपती गुरुजी. ते हायस्कूलला इंग्रजी आणि इतिहास शिकवायचे. घर मुरूडला, बायको तिकडे शेती बघायची, गुरुजी शनिवारी दुपारची एसटी धरून जायचे आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत. उंच, किंचित वाकलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सदऱ्याच्या खिशात जांभळ्या शाईचं पेन. ते पेन गळायचं, त्यामुळे खिशाखाली कायम एक जांभळा डाग असायचा. कुणीही काहीही सांगू लागलं की गुरुजी दर दोन वाक्यांनी "पुढं?" म्हणायचे. टँकर आला नाही असं सांगितलं तरी "पुढं?" मी एकदा वैतागून म्हणालो, "पुढं काय गुरुजी, तहान." ते हसले आणि पुन्हा म्हणाले, "पुढं?"

त्यांच्याकडे एक पुस्तक होतं. हैदराबादला शिकत असताना जुन्या बाजारात घेतलेलं. कव्हर गेलेलं, पहिली काही पानं गेलेली, त्यामुळे त्या पुस्तकाचं नाव काय हे गुरुजींनाही ठाऊक नव्हतं. आत सगळी पत्रं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्या बायकापुरुषांनी एकमेकांना लिहिलेली. गुरुजींनी त्यातली बरीच मराठीत करून वह्यांत उतरवली होती. मी कचेरीतून आलो की ओट्यावर बसवून वाचून दाखवायचे. "मुखेडकर, ही बाई बघा. बहिणीला लिहून राहिली. आधी पोराच्या खोकल्याचं, मग लोणच्याच्या बरणीचं, आन् मधीच एक ओळ. परवा दोघं आले होते, आज पुढं गेले. बस्स. कोण आले, कुठं गेले, काही न्हाई. नाव यायचं तिथं एक अक्षर आन् पुढं रेघ." त्या रेघेवरून ते बोट फिरवायचे. पळून आलेल्या माणसाचं नाव पत्रात आलं आणि पत्र भलत्या हाती पडलं तर तो माणूस साखळीत परत जायचा, म्हणून ती रेघ. गुरुजी म्हणायचे, या पुस्तकात सगळ्यात काळजीनं लिहिलेलं काय असेल तर ही रेघ.

त्यातल्या एका पत्राचं चित्र छापलेलं होतं. कागद वाचवायला आडवं लिहून झाल्यावर तोच कागद फिरवून जुन्या ओळींवरून उभं लिहिलेलं. गुरुजींनी ती सवय उचलली. त्यांची पोस्टकार्डं अशी आडवी-उभी जांभळ्या ओळींनी भरलेली असायची आणि पोस्टमन त्यांच्या नावानं शंख करायचा. रजेचा अर्जही त्यांनी एकदा असाच दिला. हेडमास्तरांनी तो दोन दिवस उलटासुलटा करून पाहिला आणि शेवटी न वाचताच रजा मंजूर केली.

पण त्या पुस्तकातून त्यांनी उचललेली खरी सवय गुळाची. त्या पत्रांतली काही माणसं गुलामांच्या हातची साखर खायची नाहीत, त्यांच्या हातचा कापूस अंगाला लावायची नाहीत. गुरुजी अप्पांच्या दुकानात गेले की ढेपेवर हात ठेवून विचारायचे, "अप्पा, हा गूळ कुणाच्या गुऱ्हाळाचा?" अप्पा गळ्यात लिंग असलेले सज्जन व्यापारी. गुरुजी जंगमाच्या, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहिताच्या घरचे, म्हणून भेटले की अप्पा आधी हात जोडून "शरणार्थ" म्हणायचे. एका बागाईतदाराचं नाव निघालं की गुरुजी ढेपेवरून हात काढून घ्यायचे आणि महिनाभर बिनगुळाचा कोरा चहा प्यायचे. कारण त्या माणसाच्या गुऱ्हाळावर सालगड्यांची सालं संपत नाहीत हे त्यांनी ऐकलं होतं. सालगडी पाडव्याला बांधला जातो आणि पुढच्या पाडव्याला मोकळा होतो, ही आपल्याकडची रीत. तिथे पाडवा यायचा आणि गडी तिथेच राहायचा. अप्पा हात जोडून म्हणायचे, "महाराज, गुळाला काय कळतंय ओ?" गुरुजी म्हणायचे, "गुळाला न्हाई अप्पा. मला कळतंय."

त्या मालकाच्या विहिरीला दुष्काळातही थोडं पाणी होतं. म्हणून थोडा ऊस होता, थोडा गूळ होता. तो गूळ घेऊन बैलगाडी अप्पांच्या दारी यायची आणि ढेपा उतरवायला ——— यायचा. तिशीतला असेल, बारीक अंगाचा. गुरुजींनी त्याला ओट्यावर बसवून पाणी दिलं आणि विचारलं, किती पाडवे झाले रे? तो बोटं मोजायला लागला. उजव्या हाताची पाच झाली. डाव्या हाताची तीनच होती. दोन उसाच्या चरकात गेली होती. आठावर येऊन तो थांबला आणि म्हणाला, "बोटं संपली गुर्जी."

हे तो हसत म्हणाला. गुरुजींनी त्या वेळी "पुढं?" विचारलं नाही.

हळूहळू सगळं कळलं. बहिणीच्या लग्नाला घेतलेल्या उचलीवर अंगठा होता आणि तो अंगठा काही सुटत नव्हता. एकदा बायकोपोरांना घेऊन देगलूरकडे मेहुण्याकडे निघाला, तर अहमदपूरच्या स्टँडवरून मालकाची जीप त्यांना परत घेऊन आली. मारलं नाही, बोललेही नाहीत. फक्त त्या दिवसापासून बायकोपोरांना गुऱ्हाळाच्या कोठीत झोपायला लावलं आणि बाहेरून कडी घालू लागले. येत्या पाडव्याआधी सुटायचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. "नववा न्हाई बघायचा, गुर्जी."

माणसाला असं बांधून ठेवायला सरकारी कायद्यानं बंदी येऊन बरीच वर्षं झाली होती. गुरुजींनी तो कायदा पाठ केला होता. नव्या जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना अर्ज करायचं ठरलं. गुरुजींनी ताव घेतला, यावेळी सरळ एकाच दिशेनं, मोत्यासारख्या अक्षरात लिहिला आणि मला वाचायला दिला. अर्जात मालकाचं नाव होतं, गुऱ्हाळ होतं, कोठीची कडी होती. आणि गड्याचं नाव यायचं तिथे रेघ.

आता माझी पाळी येते. मी कचेरीतला माणूस, माझी ऐट जागी झाली. मी म्हणालो, "गुरुजी, रेघेवर कारवाई होत नसते. निनावी अर्ज दप्तरी दाखल होतो. नाव, बापाचं नाव, गाव, सगळं पाहिजे."

"मुखेडकर, ही माणसं सव्वाशे वर्षांमागं सांगून राहिली, नाव घालू नका म्हणून."

"त्यांचं सरकार मालकांच्या बाजूचं होतं," मी म्हणालो. "आपला कायदा आपल्या बाजूचा आहे. आणि जिल्हासुद्धा नवा आहे."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. गुरुजींनी ताव घडी करून ठेवला. पुढच्या खेपेला त्यांनी ——— लाच विचारलं. तो म्हणाला, "घाला की नाव. नाव घातल्याबिगर ते सायेब मला वळकतील कसं?" गुरुजींनी दुसरा ताव घेतला आणि रेघेच्या जागी त्याचं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

तीन आठवड्यांनी तो अर्ज माझ्या टेबलावर आला. वरच्या कचेरीनं त्यावर "योग्य त्या कार्यवाहीस्तव" असं लिहून तो खाली पाठवला होता. ही काही एका कचेरीची खोड नाही. अर्ज वर जातो आणि शेरे घेत घेत खाली येतो, कुठेही असंच चालतं. जांभळी शाई ओळखून मला अभिमानच वाटला, गुरुजींचा कागद हलला म्हणून. अव्वल कारकुनांनी न बघता सांगितलं, तलाठ्याकडे रवाना करा, चौकशी करून अहवाल मागवा. मी नंबर घातला, शिक्का मारला, जावक रजिस्टरला नोंद केली आणि कोतवालाच्या पिशवीत टाकला. अर्धं मिनिट लागलं असेल.

संध्याकाळी मी मोठ्या उत्साहानं ते गुरुजींना सांगितलं.

"पुढं?" ते म्हणाले.

"पुढं तलाठी चौकशी करणार."

"तलाठी बसतो कुठं?"

त्या गावात चावडी पडून दोन पावसाळे झाले होते. तलाठ्याचं दप्तर मालकाच्या ओसरीत होतं. हे मला माहीत होतं. दर महिन्याला त्या पत्त्यावर टपाल मीच पाठवत होतो. ते गुरुजींना सांगावं लागलं.

सकाळी पहिल्या एसटीनं ते फाट्यावर उतरले आणि चार मैल चालत त्या गावी गेले. कागद आदल्या संध्याकाळीच पोचला होता. काय झालं ते त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं, ओट्यावर, भर उन्हात, चपला न काढता. मालकानं त्यांना लोडाशी बसवलं. तलाठी कोपऱ्यात खाली मान घालून रेघा मारत होता. अर्ज मालकाच्या हातात होता. मालक फार अदबीनं बोलला. म्हणाला, "मास्तर, अक्षर लई सुरेख हाय तुमचं. आमच्या गड्याचं नाव इतकं देखणं आम्ही कधी बघितलं नव्हतं." मग हाक मारली, आणि ——— तांब्या घेऊन आला. मालक त्याला म्हणाला, "बघ रे, तुझं नाव. वाचता येत न्हाई, पर बघून तर घे." त्यानं कागदाकडे पाहिलं आणि गुरुजींकडे पाहिलं नाही.

"चहा आला," गुरुजी म्हणाले. "गुळाचा."

मी विचारलं, "घेतलात?"

"घेतला. न घेऊन कसं चालंल? त्यो माणूस तिथंच हुबा होता." मग म्हणाले, "सगळा प्यालो मुखेडकर. दुसरा घ्या म्हणले तर दुसराबी घेतला."

त्यानंतरचे आठ-दहा दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. काहीच घडत नव्हतं. गुळाची गाडी आली, पण ढेपा दुसराच गडी उतरवत होता. गुरुजींनी विचारलं तर तो म्हणाला, "त्येला हिरीच्या कामावर घातलंय." पाणी खाली गेलं होतं, सगळीकडेच विहिरी खोल करणं चालू होतं, त्यात वावगं काही नव्हतं. गुरुजी वर्गात शिकवता शिकवता थांबायचे असं पोरं सांगायची. अप्पांनी त्या मालकाचा गूळ घेणं एके दिवशी न बोलता बंद केलं. गुरुजींनी विचारलंही नव्हतं.

एका दुपारी त्याची बायको आली. कडेवर एक, हाताला एक. गावापासून चालत आली होती. अप्पांनी पाणी दिलं, तिनं आधी पोरांना पाजलं.

"गुर्जी, हे हिकडं आलेत का?"

"न्हाई, बाई. का?"

"मंगळवारी सकाळी हिरीत उतरले. सांजच्याला आमच्या कोठीची कडी काढली मालकानं. म्हणले, जा तुमी, तुझा दादला पळून गेला. आता तुमाला कोण ठिवून घेईल."

गुरुजींनी विचारलं, "पळताना कुणी बघितलं?"

"कुणी न्हाई," ती म्हणाली. "त्येंच्या वहाणा हितंच हायती." आणि तिनं ओच्यातून त्या काढून ओट्यावर ठेवल्या.

गुरुजी तिला घेऊन पोलिसांकडे गेले. बेपत्ता अशी नोंद झाली. पंधरवड्यानं तलाठ्याचा अहवाल माझ्या टेबलावर आला. आवक नंबर मीच घातला. "सदर इसम गावी मिळून आला नाही. सबब अर्जात तथ्य दिसून येत नाही." मी तो घरी येऊन गुरुजींना तोंडी सांगितला. त्यांनी मला दोनदा म्हणायला लावला.

त्याच सुमारास तिकडून येणारे लोक सांगू लागले की मालकानं ती विहीर बुजवली. खाली पक्का खडक लागला म्हणाला, आणि दोन दिवसांत गाड्यांनी मुरूम आणून तोंडापर्यंत भरून टाकली. ज्या वर्षी माणसं घागरीसाठी भांडत होती त्या वर्षी विहीर. चौकातले लोक हे ऐकून टँकरच्या रस्त्याकडे बघत बसायचे. गुरुजींनी विहीर उकरून बघा असा अर्ज केला. खाजगी जागा, सबळ कारण नाही, असं उत्तर आलं. पाडव्याच्या आत गुरुजींची बदली झाली. संस्थेनं लिहिलं होतं, प्रशासकीय कारणास्तव. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी त्या बाईला आणि पोरांना देगलूरच्या गाडीत बसवून दिलं. वहाणा तिच्या पिशवीत होत्या.

पुढची चार वर्षं गुरुजींची पोस्टकार्डं मला येत राहिली. मलाच नव्हे, कुठल्या कुठल्या साखर कारखान्यांच्या गावच्या शाळामास्तरांना, पोस्टमास्तरांना, बीदरकडच्या, निजामाबादकडच्या ओळखीच्या ना पाळखीच्या माणसांना. उभ्या-आडव्या जांभळ्या ओळी. असा असा माणूस, अंगानं बारीक, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत, आपल्याकडे कामाला आला असेल तर फक्त सुखरूप आहे एवढं कळवा. नाव कधीच नसायचं. नावाच्या जागी रेघ. मी एकदा कळवलं, गुरुजी, नावाशिवाय कसा शोध लागणार? उलट टपाली कार्ड आलं. तो कुठे लपून जगत असेल, तर आपल्यामुळे त्याचं नाव पुन्हा कुणाच्या हाती पडू नये. एकदा घातलं ते पुरे. ते कार्ड मी खिशात घालून कचेरीत गेलो.

शेवटचे दिसले ते अहमदपूरच्या स्टँडवर. मी पाडव्यासाठी मुखेडला निघालो होतो. गुरुजी सिमेंटच्या बाकावर मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहीत बसले होते. फार वाळले होते. शेजारी कोऱ्या चहाचा कप निवत होता. मला पाहून त्यांना आनंद झाला, सरकून जागा केली. आईची तब्येत विचारली, अप्पांची विचारली. मी सांगत होतो आणि ते ऐकत होते, पण "पुढं?" म्हणत नव्हते. ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

मग त्यांनी पुठ्ठ्यावरचा ताव माझ्या हातात दिला. "तुम्ही कचेरीतले. बघा, काही राहिलं तर न्हाई ना."

विहीर उकरून बघण्याबद्दलचा अर्ज होता, पुन्हा एकदा. मी पहिली ओळ वाचली आणि थांबलो. त्याचं नाव होतं. बापाचं नाव, आडनाव, गाव, वय, डाव्या हाताची दोन बोटं. दुसऱ्या परिच्छेदात पुन्हा नाव. खाली पुन्हा. मी कागद उलटून पाहिला. रेघ कुठेही नव्हती.

"गुरुजी, नाव घातलंत?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आता घालायला हरकत न्हाई, मुखेडकर."

कारकुनाच्या सवयीनं अर्ज शेवटपर्यंत वाचला. त्यात काहीही राहिलं नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं.

मी मात्र अजून रेघच ओढतो. गुरुजींनी जे मान्य केलं ते माझ्या हातून होत नाही, एवढंच त्याचं कारण आहे.

मुखेडची गाडी लागली. मी त्यांच्या पाया पडलो आणि चढलो. खिडकीची जागा मिळाली. गाडी मागे सरत होती तेव्हा गुरुजी स्टँडच्या भिंतीवरच्या लाल पेटीसमोर उभे दिसले. अर्ज आत पडला असणार, कारण हातात काही नव्हतं. तरी त्यांचा हात पेटीच्या तोंडात तसाच होता, मनगटापर्यंत. गाडी वळेपर्यंत त्यांनी तो बाहेर काढला नाही.